मिराहच्या पसंतीची फरशी

माझी नणंद मिराह हिने अख्ख्या जन्मात एकच वस्तू स्वतःच्या पसंतीने घ्यायचं ठरवलं होतं, ती म्हणजे तिच्या खाणावळीची फरशी. ती तिला मिळाली नाही. का मिळाली नाही हे मला जितकं ठाऊक आहे तितकं दुसऱ्या कुणाला नाही, कारण त्या दिवशी मी तिच्या शेजारीच उभी होते, तोंड मिटून.

तोंड मिटून उभं राहणं हा काही माझा स्वभाव नव्हे. मी सुराबायाची. आमचं बंदराचं गाव, मासळीवाले आणि ट्रकवाले यांच्यात वाढलेले आम्ही. भाव पटला नाही तर पटला नाही म्हणायचं आणि पुढच्या गाड्यावर जायचं. लग्न होऊन जोग्यात, सुलतानाच्या जुन्या शहरात, आले आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की इथलं सगळं निराळं. पाहुण्याला चहा विचारला की तो नको म्हणतो. पुन्हा विचारला की "राहू द्या हो, कशाला त्रास" म्हणतो. तिसऱ्यांदा विचारला की तो हसतो, आणि मग कप पुढ्यात ठेवायचा. मी पहिल्याच 'नको'ला कप उचलून आत घेऊन जात असे. सासरी माझं नाव व्हायला फार दिवस लागले नाहीत.

मिराह माझ्या नवऱ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी तिला म्बाक म्हणायचे, आमच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात. बुटकी, गोल, अंबाड्यात प्लास्टिकचा कंगवा खोचलेली बाई. एका चुलतमामाच्या घराच्या ओसरीवर ती ब्रोंगकोस विकायची. चवळी, टोफू, मांसाचे तुकडे, नारळाचं दूध आणि केळुवाकच्या बियांनी काळाभोर झालेला रस्सा, वर तरंगणाऱ्या अख्ख्या मिरच्या. सकाळी सहाला पातेलं ओसरीवर यायचं आणि अकराला रिकामं व्हायचं. तीस वर्षं.

या तीस वर्षांत आणि त्याच्या आधीही तिला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलंच तर ती म्हणे, "तुम्हाला बरं वाटेल ते." शाळा वडिलांनी सोडायला लावली. नवरा वडिलांनी बघितला. मुलाचं नाव दानांग, तेही सासऱ्याने ठेवलं. दानांग नऊ वर्षांचा असताना नवरा वारला, तर त्याला कुठे पुरायचं तेसुद्धा दिराने ठरवलं. ब्रोंगकोस आईचा, ओसरी मामाची, पातेलं सासूचं. मी एकदा चिडून म्हणाले, "म्बाक, तुमचं स्वतःचं असं काय आहे हो?" तिने विचार केला आणि म्हणाली, "कंगवा."

बाजारात मात्र ती मला बरोबर न्यायची. कापडाच्या दुकानात दुकानदार जांभळा कपडा पसरायचा आणि मिराह म्हणायची, "छान आहे." हे 'छान' म्हणताना तिचा हात कपड्याला लागतसुद्धा नसे. मी दोन मिनिटं सोसायचे आणि मग दुकानदाराला म्हणायचे, "तिला नाही आवडलेला. तो वरचा हिरवा काढा, आल्यापासून तिकडे बघतेय." मिराह मला दंडाला चिमटा काढायची आणि दुकानदाराला सांगायची, "माझी भावजय सुराबायाची आहे हं." दुकानदार समजून मान हलवायचा. मग तो हिरवा कपडा ती विरेपर्यंत नेसायची. पण चिमटा जोरात असायचा, आणि मी आपली समजत असे की या बाईला माझी लाज वाटते.

मामा गेले, मामांच्या मुलांना ओसरी हवी झाली. दानांग तोवर जकार्तात चांगल्या नोकरीला लागला होता. त्याने दक्षिणेच्या रस्त्यावर जागा घेतली आणि आईसाठी मोठी खाणावळ बांधायला काढली. पोरगा गुणी. छप्पर कसलं, हात धुवायच्या मोऱ्या किती, पाटी केवढी, सगळं तो जकार्ताहून फोनवर ठरवायचा आणि मिराह म्हणायची, छान आहे. एक दिवस फोनवर तो म्हणाला, "इबू, फरशी मात्र तू तुझ्या मनासारखी घे. लोक खाली चटईवर बसून जेवणार, तूही दिवसभर तिच्यावरच बसणार. मी येतो पुढच्या शनिवारी, आपण लादीवाल्या पाक सारजोनोंकडे जाऊ." वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात, बाईला इबू किंवा नुसतं बू, आणि आईलाही इबूच.

फोन ठेवून मिराह बराच वेळ हसत होती. चवळी निवडायला आम्ही दोघी खाली बसलो, तर तिच्या हाताखालून खडे निसटत होते. मग आपणहून, मी न विचारता, तिने मला आईची गोष्ट सांगितली.

तिची आई ब्रोंगकोस विकायची ती साखर कारखान्याच्या हेडक्लार्कच्या घरापाशी. घराच्या ओसरीला पिवळ्या लाद्या होत्या, सिमेंटच्या, हाताने दाबून केलेल्या, आणि कडेने हिरवी वेल काढलेली. घराची मालकीण वाईट नव्हती. पाणी द्यायची, सणाला कापड द्यायची. पण म्हणायची, "तेल सांडतं गं तुझं, पायरीवरच बस." आई बावीस वर्षं पायरीवर बसली. मिराह तेव्हा सहा-सात वर्षांची. दुपारी मालकीण झोपली की ही हळूच एक पाय वर ठेवायची. "इतकं गार लागायचं, नुनुक. मी अंगठा त्या वेलीवरून फिरवत न्यायची, कोपऱ्यापर्यंत. मग आई घोट्यावर चापट मारायची." तिने खडा उचलून टाकला. "तेव्हा वाटायचं, आपली जागा झाली ना, तर अशीच फरशी घालायची. आणि जो येईल त्याला तिच्यावर बसवायचं. हमाल असो, सायकलरिक्षावाला असो, तेल सांडो नाहीतर काही होवो."

"मग घालू की," मी म्हणाले. "सारजोनोंकडे पिवळी असणारच."

तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि सूप झाडायला उठली.

त्या शनिवारच्या आधी, गुरुवारी, नव्या जागेत आढं चढवलं, म्हणून चार लोकांना जेवायला बोलावलं होतं. गल्लीचे प्रमुख मानाच्या जागी बसले होते. केळीच्या गोड वड्या फिरल्या, त्यांनी घेतल्या. पुन्हा फिरल्या, पुन्हा घेतल्या. तिसऱ्यांदा हात पुढे आला तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "अहो पाक, तुम्हाला मधुमेह आहे ना? तुमच्या बायकोने मला कालच सांगितलं, ती रोज रडते." मी काही चुकीचं बोलले नव्हते. पण सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि प्रमुखांनी वडी परत ठेवताना सगळ्यांसमोर माझे आभार मानले. जोग्यात याहून मोठा अपमान होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नवरा प्रिहादी शाळेत शिकवायला निघाला होता. स्कूटर सुरू केली, बंद केली आणि म्हणाला, "नुनुक, तुझ्या तोंडापायी म्बाकला चारचौघांत मान वर काढता येत नाही."

"असं म्हणाली ती?"

"म्हणायला कशाला पाहिजे? इतकी वर्षं सोसतेय बिचारी. आता तिची नवी जागा होतेय. निदान तिथे तरी जरा गप्प बस."

तो निघून गेला. मी दारात उभी राहिले. माझ्या नवऱ्याने माझ्यावर आवाज चढवला असता तर मी दुप्पट चढवला असता. पण हे शांतपणे बोललेलं आत जाऊन बसलं. कापडाच्या दुकानातला एकेक चिमटा आठवला. मी शपथ घेतली की मिराहच्या कामात यापुढे तोंड उघडणार नाही. शपथ मोडायची मला सवय होती. नेमकी हीच पाळली.

शनिवारी आम्ही तिघं सारजोनोंकडे गेलो. सत्तरीचा माणूस, घराच्या मागे कारखाना. कारखाना म्हणजे हाताने चालवायची दोन दाबयंत्रं, पितळी साच्यांचं कपाट आणि पाण्यात भिजत पडलेल्या लाद्यांचे हौद. नमुने त्यांनी अंगणात चिकूच्या झाडाखाली मांडले होते, प्रत्येक नक्षीच्या नऊ नऊ लाद्या, चौकोन करून.

"वहाणा काढा," ते म्हणाले. "बसायची जागा आहे ना? मग उभ्या उभ्या काय कळणार? बसून बघा." दानांग घट्ट जीन्समध्ये कसाबसा टेकला आणि सारजोनो म्हणाले, "तुमची पँट फाटली तर लादीला दोष देऊ नका." आम्ही सगळे हसलो. मिराहसुद्धा हसली. मला वाटतं त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

ती अनवाणी एकेक चौकोन ओलांडत गेली. लाल-पांढरा, निळ्या चांदण्यांचा, तपकिरी. आणि शेवटच्या ओळीत पिवळा. जर्दही नाही आणि फिकटही नाही, पिकल्या केळ्यासारखा पिवळा, आणि कडेने हिरवी वेल. तिथे ती थांबली. पाय जुळवून उभी राहिली. मी तिच्या पायाकडे बघत होते. उजव्या पायाचा अंगठा हलला आणि वेलीवरून सरकत गेला, कोपऱ्यापर्यंत.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मला समजलं. समजलं नाही असं मी कुणालाही सांगू शकणार नाही. जीभ टाळ्याला येऊन थडकली होती. आणि मी वर चिकूच्या झाडाकडे बघायला लागले, जसे काही चिकू मी कधी पाहिलेच नव्हते.

"इबू, ही बघ ना!" दानांगने पलीकडून हाक मारली. तो राखाडी चौकोनापाशी उकिडवा बसला होता. राखाडीवर पांढऱ्या रेघा. "जकार्तात सगळीकडे हीच घालतात. डाग दिसत नाही, फोटो झकास येतो. कशी आहे?"

मिराह पिवळ्यावरून उतरली, चालत त्याच्यापाशी गेली आणि म्हणाली, "छान आहे."

सारजोनो जुना माणूस. ते लगेच वही काढणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी विचारलं, "बू, ही नक्की ना?"

"छान आहे," मिराह म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

सारजोनो थांबले. यंत्रावरच्या माणसाला काहीतरी सांगून आले. पुन्हा म्हणाले, "घाई नाही. एकदा घातली की चाळीस वर्षं हलायची नाही. बाकीच्या अजून बघा हवं तर."

"नको, हीच छान आहे." आणि पुन्हा माझ्याकडे.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं ते मला आठवतं, पण शब्द आठवत नाहीत, कारण मी मनात आकडे मोजत होते. दहापर्यंत मोजलं की संपेल, असं काहीतरी. संपलं. सारजोनोंनी वही काढली, राखाडी लिहून घेतली. परत येताना दानांग गाडीत खुशीत होता. "आईने किती पटकन निवडली बघ मामी," तो मला म्हणाला. "मला वाटलं होतं दिवस जाईल."

त्या लाद्या दाबून, भिजवून, सुकायला महिना लागतो. म्हणजे मला महिनाभर वेळ होता. एका फोनचं काम होतं. रोज सकाळी वाटायचं, करू. मग प्रिहादीचं बोलणं आठवायचं, आणि मी स्वतःची समजूत घालायचे की तिचं तिने ठरवलंय, आपण कोण? हा विचार मला शोभणारा नव्हता. पण भित्र्या माणसाला जे सोयीचं तेच शहाणपणाचं वाटतं, आणि त्या महिन्यात मी भित्री झाले होते.

खाणावळ उत्तम चालली. राखाडी फरशीवर चटया, बुटकी टेबलं, रविवारी बाहेर रांग. लोक खरंच फोटो काढायचे. दानांग आला की समाधानाने बघत उभा राहायचा, आणि त्याचं काही चुकलं होतं असं मला आजही वाटत नाही. मिराहने मात्र पहिल्याच दिवशी घरून एक लाकडी पाट आणला, वीतभर पायांचा, आणि पातेल्यामागे त्याच्यावर बसली. "गुडघे धरतात गं हल्ली," ती म्हणाली. घरी ती जमिनीवर बसून तासभर चवळी निवडायची. नमाजाला तिचे गुडघे कधी धरले नाहीत. सहा वर्षं ती त्या फरशीवर एकदाही टेकली नाही.

आणि मी? मी सुधारले. पाहुण्याला तीनदा विचारायला लागले. कापडाच्या दुकानात मिराहने जांभळ्याला छान म्हटलं तर मीही छान म्हणायचे, आणि जांभळा घेऊन आम्ही घरी यायचो. तो कपडा कपाटात घडीचा तसाच राहायचा. चिमटे थांबले. हळूहळू तिने मला बाजारात नेणंही सोडलं. मला वाटलं, वय झालं, दमते. प्रिहादी चारचौघांत माझं कौतुक करायचा, नुनुक किती निवळली म्हणून, आणि मी मूर्खासारखी खूश व्हायचे.

सातव्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी दानांगला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. तिला घरीच ठेवलं, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. दुपारी मी जाऊन तिच्या पायांना तेल लावायचे. पाय सुजले होते, बोटं तेवढी अजून तिची वाटत होती. एका दुपारी तो उजवा अंगठा माझ्या हातात आला आणि माझ्याच्याने राहवेना.

"म्बाक, एक विचारू?"

"तू विचारून बोलायला कधीपासून लागलीस?"

"त्या दिवशी सारजोनोंकडे तुम्हाला पिवळी हवी होती ना?"

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "हो."

तिच्या तोंडून असा सरळ 'हो' मी आधी कधी ऐकला नव्हता. "मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "सारजोनो बिचारे तीनदा विचारत होते!"

"मी कशी बोलणार? पोरगं जकार्ताहून आलेलं, इतक्या हौसेने दाखवत होतं." तिने मान वळवली. "तू का नाही बोललीस?"

"मी? मला वाटलं तुम्हाला माझी लाज वाटते. प्रिहादी म्हणाला, माझ्यामुळे तुम्हाला मान वर काढता येत नाही, इतकी वर्षं सोसताय..."

"प्रिहादीला काय कळतंय डोंबल!" आजारी बाईचा आवाज, पण खणखणीत निघाला. "मला दोन जावा होत्या, नुनुक. दोघी कशा, साखर पेरल्यासारख्या बोलायच्या. त्यांना नेलं का मी कधी बाजारात? लाज वाटत असती तर तुला कशाला ओढून नेलं असतं दरवेळी?" तिला धाप लागली. मी पाणी दिलं. एक घोट घेऊन ती म्हणाली, "आणि आईची ती पायरीची गोष्ट. दानांगलासुद्धा मी कधी सांगितली नाही. तुलाच सांगितली, शनिवारच्या आधी. ती काय उगाच?"

मी रडायला लागले. तेलाचे हात तोंडाला लागले, डोळे चुरचुरायला लागले. म्हटलं, आत्ता फोन करते दानांगला, उखडून टाकते ती राखाडी, उद्या सारजोनोंकडे जाते, पिवळी घालू.

"आता कुठे," ती म्हणाली. "मी आता कुठे जाऊन बसणार आहे त्याच्यावर? आणि गिऱ्हाइकांना तीच आवडते. राहू दे."

माझं रडणं थांबेना, तेव्हा तिने हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. माझी समजूत घालायला तिच्यापाशी जे सगळ्यात चांगलं होतं ते तिने मला दिलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं. आता तू खरी जोग्याची झालीस."

सव्वीस वर्षं मी हे तिच्या तोंडून ऐकायची वाट बघत होते. मी मान खाली घातली आणि तिच्या पायाला तेल लावत राहिले.